वळणापलीकडची अकरा मिनिटं

१४ मार्च, शनि.
ॲरिझोनाच्या सायकल ट्रिपहून लंडनला येऊन तीन दिवस. उजव्या दंडात अजून दोन काटे. नर्स म्हणाली, आपोआप वर येतील. ट्रिपला सोबत असलेल्या माझ्या मैत्रिणीचा, स्मिताचा, एकही मेसेज नाही. एरवी सकाळी चहाच्या आधी असतो.

१५, रवि.
नितीनने पुन्हा सगळं सांगायला लावलं. नवरा आहे, काळजी वाटणारच. चौथा दिवस, उतारावरची ट्रेल, दोन्ही बाजूंना निवडुंग. बाकी ग्रुप बराच पुढे, स्मिता नुकतीच वळणाआड गेलेली. माझं चाक दगडावरून सटकलं आणि मी थेट झुडपात. काटेरी गोळे हातभर चिकटले, हलले की आणखी घुसायचे. फोन सॅकमध्ये, हात पोचेना. ओरडले, किती वेळा कोण जाणे. चाळीस मिनिटांनी ती आली. "अगं, मला वाटलं तू मागेच आहेस!" कंगव्याने एकेक गोळा उपटून काढला. रडत होती ती. मी नाही.
नितीन म्हणतो, वाऱ्यात ऐकू गेलं नसेल.
वारा नव्हता.

१७, मंगळ.
लंचमध्ये ॲपवर तिची राइड उघडली. मी पडले त्याच्या पुढच्याच वळणावर ती थांबलीय. अकरा मिनिटं. मग थोडी मागे, माझ्या दिशेने. आणि पुन्हा पुढे.
पंक्चर? मग बोलली कशी नाही?
दुपारच्या मीटिंगमध्ये एक शब्द डोक्यात शिरला नाही.

१८, बुध.
मेसेज केला: त्या दिवशीच्या राइडचे फोटो पाठव ना. उत्तर नाही. संध्याकाळी बघते तर ती राइड ॲपवरून गायब. बाकी सगळ्या आहेत.
माझ्या बाळंतपणात महिनाभर हॅरोहून रोज येणारी बाई ही.

१९, गुरु.
आठवलं. पडले त्याच्या आदल्या दिवशी जेवताना ग्रुपसमोर तिला "ब्रेकवाली बाई" म्हणाले होते, उतारावर सारखी ब्रेक दाबते म्हणून. सगळे हसले. तीसुद्धा हसली, पण...
एवढ्यावरून? नाही. की हो?

२१, शनि.
हॅरोला तिच्याकडे, न कळवता. दारातच क्षणभर थबकली. चहा टाकला. मी सरळ विचारलं.
"वळणावर का थांबली होतीस?"
"पाणी प्यायला."
"अकरा मिनिटं?"
ओटा पुसत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "ऐकलं होतं मी. मागेही आले. झाडाआडून तुझा हात दिसला आणि पायच उचलेनात गं. म्हटलं, पुढे कुणी तरी मदतीला भेटेल."
"भेटलं?"
"नाही."
"मग खोटं का बोललीस?"
"तू काय म्हणाली असतीस? सगळ्यांसमोर?"
चहा न पिता उठले.

२२, रवि.
नितीन म्हणतो, घाबरली असेल बिचारी, सोडून दे. असेलही. पण मी हाका मारत असताना ती तिथे नुसती उभी होती, ती भीतीने की रागाने, हे तिलाच ठाऊक. कदाचित तिलाही नाही.
आत्ता तिचा मेसेज: "पुढच्या रविवारी राइडला येतेस?"
"हो" टाइप केलंय. पाठवलेलं नाही.