यादीतलं नाव

ईडन प्रेरी, मिनेसोटा
रविवार, २० ऑक्टोबर २०२४

चि. हेमू,

ताईचे आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या दाजींचा गुडघा सोडला तर तक्रारीला जागा नाही, आणि गुडघ्याची तक्रार ते स्वतःच इतकी करतात की मी वेगळी लिहायला नको. इथली झाडं पिवळी-तांबडी होऊन आता गळायला लागली आहेत. रोज पानं गोळा करायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच पडलेली बघायची, हा आमचा म्हातारपणचा उद्योग.

तुझं पत्र मिळालं. पाकिटावरचं अक्षर ओळखलं, पण लगेच उघडलं नाही. आधी चहा केला. इतक्या वर्षांत तुझं पत्र नाही, तेव्हा एवढी तयारी हवीच. दिवाळीला सावनीच्या फोनवरून तू ‘कशी आहेस’ विचारतोस आणि मी ‘बरी’ म्हणेपर्यंत फोन लेकीच्या हातात जातो. म्हणून चार पानं बघून आनंद झाला. शेवटच्या पानापर्यंत टिकला.

तू लिहितोस, ब्रिटिश नागरिकत्वाचा अर्ज मंजूर झाला, चौदा नोव्हेंबरला लेस्टरला शपथेचा समारंभ आहे, आणि तू जाणार नाहीस. त्याऐवजी वीस तारखेला मिरजेला जाऊन विधानसभेचं मत देणार. शपथ घेतली की भारताचं नागरिकत्व जातं, आणि मिरजेच्या मतदार यादीतलं नावही. ‘आपल्या घरात एकानं केलं तेवढं पुरे,’ असं तू शेवटी लिहिलं आहेस. तो एक म्हणजे कोण, हे कळण्याइतकी मी हुशार आहे.

त्याबद्दल लिहिते. आधी थोडं इकडचं तिकडचं.

परीक्षेत तू पास झालास याचं मला मुळीच नवल वाटलं नाही. आठव्या हेन्री राजाला बायका किती आणि कुठलं युद्ध कधी झालं, हे पाठ करणं तुझ्या हातचा मळ. मॅट्रिकला सनावळ्या पाठ करून तू इतिहासात पहिला आलास आणि महिन्याभरात सगळं विसरलास, ते आठवतं ना? आमची परीक्षा तुमच्यापेक्षा सोपी. शंभर प्रश्न घोकायचे, त्यातले दहा तोंडी विचारतात, सहा बरोबर आले की झालं. मला विचारलं, केवळ अमेरिकन नागरिकाची अशी एक जबाबदारी सांगा. मी म्हटलं, मत देणं. अधिकारी बाई म्हणाल्या, ‘परफेक्ट.’ मी बाहेर येऊन दाजींना अगदी ऐटीत सांगितलं.

राजाची शपथ घ्यायला तुझी जीभ वळत नाही, असं लिहिलं आहेस. अरे, आमच्या शपथेत तर जगातल्या यच्चयावत राजेरजवाड्यांना सोडचिठ्ठी द्यावी लागते. मी ज्यांना सोडलं त्यांतल्याच एकाच्या पदरी तू जाणार. आई असती तर आपल्या दोघांची चांगली फिरकी घेतली असती.

तुझ्या पत्रानंतर आईची इलेक्शन ड्यूटी फार आठवते आहे. नगरपालिकेच्या शाळेतल्या बाकीच्या बाया ड्यूटी चुकवायला सतराशे साठ कारणं द्यायच्या, आणि आपली आई आठ दिवस आधीपासून साडीला इस्त्री करून तयार. आरग गावी शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपून ती दुसऱ्या दिवशी जीपमधून परत यायची, मांडीवर हात ठेवून, मतपेटी अजून तिथेच असल्यासारखी. बाबा तोवर आपल्याला जाड्या पोळ्या खायला घालायचे. ती आली की घरात पुन्हा मीठ-मसाला यायचा.

आणि रविवारची आपली घरची निवडणूक! सकाळी खायला काय करायचं ते मतदानानं ठरायचं. लाडवांचा डबा ती उलटा करून आपल्याला दाखवायची, ‘बघा, पेटी रिकामी आहे, कुणाची हरकत?’ मग चिठ्ठीला उभी घडी घालायची, आडवी नाही, म्हणजे शाई दुसऱ्या चिन्हावर उमटत नाही. टाकातली निळी शाई बोटाला. थालीपीठ आणि पिठलं यांच्यात खरी लढत. बाबांच्या उपिटाची अनामत रक्कम दर वेळी जप्त. एकदा तू दोन चिठ्ठ्या टाकल्यास, एक तुझी आणि एक मनी मांजरीची, तिलाही थालीपीठ आवडतं म्हणून. आईनं अख्खी निवडणूक रद्द केली आणि सगळ्यांना दहीभात दिला. तू रडलास. मनी मात्र दहीभात खाऊन तुझ्याच मांडीवर झोपली. असं सकाळचं ऊन मला पुन्हा कुठे मिळालं नाही, हेमू. इथे घर मोठं आहे, खिडक्या मोठ्या आहेत, ऊनही भरपूर येतं. तरी ते नाही.

आता मी इथे निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रावर काम करते. इथे त्या कामाला इलेक्शन जज म्हणतात. नाव भारदस्त, काम आईचंच. पाच नोव्हेंबरला माझी ड्यूटी आहे, दाजी म्हणतात रक्तातच आहे. पहिल्यांदा मत द्यायला गेले तेव्हाची गंमत तुला सांगायची राहिली आहे. चर्चच्या हॉलमध्ये केंद्र होतं. मत दिलं, बाहेरच्या टेबलाशी आले आणि सवयीनं डाव्या हाताचं बोट पुढे केलं. टेबलामागचे म्हातारे गृहस्थ बोटाकडे बघत राहिले. म्हणाले, ‘ओ डिअर, आर यू हर्ट?’ आणि खालच्या पेटीतून जखमेवर लावायची पट्टी काढायला लागले! मी समजावलं, आमच्या देशात शाई लावतात. ‘आमच्या देशात’ असं म्हणून बसले, त्या देशाचं मत देऊन बाहेर पडताना. त्यांनी हसत ‘आय व्होटेड’चं लाल स्टिकर माझ्या बोटालाच गुंडाळलं. मी ते तसंच घेऊन घरी आले आणि भांडीसुद्धा एकट्या उजव्या हातानं घासली.

दाजी जेवायला बोलावताहेत. उरलेलं उद्या.

सोमवार

काल एवढं लिहून थांबले, कारण पुढचं लिहायचं धैर्य होत नव्हतं. आज सकाळी सावनीचा फोन आला आणि तिनं पळवाटच ठेवली नाही. म्हणाली, ‘आत्या, मी कौन्सिलला विचारलं. ते सेरेमनीची दुसरी डेट देतात. बाबा आधी इंडियात जाऊन व्होट करून येऊ शकतात. आय टोल्ड हिम ट्वाइस! ही जस्ट वोन्ट लिसन, यार.’

म्हणजे मतदानामुळे तुझं अडलेलं नाही. मत देऊनही तुला शपथ घेता येते. तुझं अडलंय माझ्यामुळे. मी केलं ते तुला करायचं नाही. मग मी काय केलं ते तरी तुला नीट ठाऊक हवं.

बाबांच्या शेवटच्या आजारात मी वर्षभर मिरजेला राहिले, तेव्हा आईनं माझं नाव तिथल्या यादीत घातलं होतं. पुढे मी इथली नागरिक झाले, तरी ते नाव तिथेच राहिलं. दोन हजार चौदाला आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी गेले होते. विधानसभा तोंडावर होती. आईचा जुना विद्यार्थी राजेश, तोही आता शिक्षक, याद्या तपासत घरी आला. मी आत चहा करत होते. त्याला म्हणताना ऐकलं, ‘बाई, ताईंचं नाव राहू दे की. कोण बघतंय?’

आई म्हणाली, ‘राजेश, तुला मी हेच शिकवलं का रे? ती आता तिकडची नागरिक आहे. काप.’

त्यानं मान खाली घालून अर्ज पुढे केला आणि आईनं सही केली. हेमू, माझं नाव मी कापलं नाही. आईनं कापलं.

तो गेल्यावर मी आईवर चिडले. म्हटलं, मला विचारायचं तरी होतंस. ती म्हणाली, ‘विचारायचं काय त्यात? तुझं नाव तिकडे आहे. एका माणसाला दोन मतं नसतात.’ मग तिनं अगदी सहज विचारलं, ‘तिकडे मत देतेस ना?’

मी म्हटलं, नाही.

‘कधीच नाही?’

काय सांगणार होते? नागरिकत्व मी कशासाठी घेतलं होतं, तर विमानतळावरच्या लांब रांगेत उभं राहायला नको म्हणून, दाजींनी घेतलं म्हणून, आमच्या लेकाच्या, मिहीरच्या कॉलेजसाठी सोयीचं म्हणून. दहा वर्षं झाली होती. दर वेळी काहीतरी असायचं, ऑफिस असायचं, बर्फ असायचा, उमेदवार ओळखीचे नसायचे. परीक्षेत दिलेलं ते ‘परफेक्ट’ उत्तर मी एकदाही पाळलं नव्हतं. आईला म्हटलं, वेळ नाही मिळाला.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, ‘म्हणजे तुझं नाव कुठेच नाही.’

काल लिहिलेली बोटाची गंमत त्याच्या पुढच्या महिन्यातली आहे. इथे परत आले ती पहिली नाव नोंदवायला गेले. मत दिल्यावर तिला फोन केला. पट्टीचं ऐकून ती खूप हसली, आणि मग काळजीनं विचारलं, ‘पण शाई नाही, मग दोनदा मत देणाऱ्याला ते पकडतात कसे गं?’ ते नीट बघायलाच मी पुढे ड्यूटी घेतली असं समज.

मी मिरजेलाच होते तेव्हा, तिथल्या मतदानाच्या आदल्या आठवड्यात, तू आलास. शेजारच्या काकूंनी तुला सांगितलं की तुझ्या वसुधाताईनं नाव काढून घेतलं. ओसरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर तू मला जे बोललास ते मी इथे उतरवत नाही, तुलाही पाठ असेल. आई आत झोपली होती. मी एक अक्षर बोलले नाही आणि तू समजलास की बोलायला तोंडच नाही. एका अर्थी खरंच नव्हतं. आईनं कापलं म्हटलं असतं तर तू आईला विचारायला गेला असतास, आणि आईला खोटं बोलता येत नसे. मग माझ्या दहा वर्षांचं सगळं तुझ्यासमोर आलं असतं. धाकट्या भावापुढे मला तेवढं लहान व्हायचं नव्हतं. त्यापायी तुझा अबोला पत्करला. पुढे आई गेली, आणि तिच्यानंतर तर तू कधी भांडलासही नाहीस. भांडला असतास तर मी बोलले असते. मला तुझी फार आठवण येते रे. तुझी बायको, रेणू गेली तेव्हा मी आले होते, तू मला पाहुण्यांसारखा चहा विचारलास. त्या चहाचं मला आजही वाईट वाटतं.

आणखी एक आहे, आणि हेच तुला मी तेव्हा सांगायला हवं होतं. राजेश आला त्या दिवशी संध्याकाळी आई डोळ्याला हिरवी पट्टी बांधून बसली होती. मी शेजारी तांदूळ निवडत होते. ती म्हणाली, ‘हेमूलाही एक दिवस हे करावं लागेल. पोरगी तिथली, घर तिथलं. त्याचं नाव कापायची वेळ येईल तेव्हा मी नसले तर बरं. माझ्याच्यानं व्हायचं नाही. तुझं कापलं, तू सोसशील. तो रडेल. तेव्हा तू त्याच्याजवळ बस.’

तिला ठाऊक होतं, हेमू. तू जाशील हे तिनं गृहीत धरलं होतं आणि तिचा त्यावर राग नव्हता. तेव्हा आईसाठी म्हणून थांबत असशील तर थांबू नकोस. तुला स्वतःला नको असेल तर गोष्ट वेगळी, ती तुझी तू ठरव. त्या देशात तू चाळीस वर्षं बस दुरुस्त केल्यास, रेणूला तिथल्याच मातीत निरोप दिलास, शेजारच्या म्हातारीला दर गुरुवारी दवाखान्यात नेतोस असं सावनी सांगते. शपथेतल्या जबाबदाऱ्या तू केव्हाच उचलल्या आहेस. मी आधी शपथ घेतली आणि काम दहा वर्षांनी सुरू केलं. तुझं उलट झालंय एवढंच.

पाच तारखेची ड्यूटी संपली की मी निघते. नऊला तुझ्याकडे पोचते. दाजींनी तिकीट काढून दिलं आणि म्हणाले, गुडघ्याचं मी बघतो. चौदाला जाणार असलास तर मी तुझ्या शेजारी असेन. आधी मिरजेला जाऊन मत द्यायचं असेल तर तिकडेही येईन आणि शाळेच्या फाटकाबाहेर थांबेन, आत जायचा मला हक्क नाही. आणि दोन्हीपैकी काहीच करायचं नसेल, तर तुझ्या स्वयंपाकघरात बसेन. तू कितीही गप्प राहिलास तरी उठणार नाही.

आईनं सांगितल्याप्रमाणे, दहा वर्षं उशिरा,
तुझ्याजवळ बसायला येणारी,

तुझी ताई