मातृभाषेची चौकट

चेन्नई, ९ फेब्रुवारी २०२५

चि. नंदिता,

सांगलीची थंडी तुझ्या तब्येतीला मानवली असेल, आणि मामींची भाकरीही. इथे पेरांबूरला तुझे आईबाबा बरे आहेत. आई तुझी सायकल दर शुक्रवारी पुसते. चालवणारी नाही म्हणून गंज चढायला नको, म्हणते.

फोन सोडून आत्याला पत्राचं काय खूळ सुचलं, असं म्हणशील. तीनदा फोन केला आणि तीनदा मामींना सांडग्यांची कृती विचारून ठेवून दिला. सांडगे मला आवडतसुद्धा नाहीत.

माझं काम तुला ठाऊक आहे. शाळाशाळांतून आलेले कागद गिंडीतल्या आमच्या संस्थेत मोजायचे: मुलांना शाळेत सुरक्षित वाटतं का, कोण कसली नशा करतं. नाव लिहायचं नसतं. त्या कागदावर 'मातृभाषा, इच्छा असल्यास' ही चौकट मात्र माझ्या हट्टाने आली. आमचे साहेब बालाजीराव तंजावूरकडचे मराठी. म्हणाले, "कशाला अक्का? आम्ही इतकी वर्षं न मोजताच राहिलो की इथे." पण मला आपली मुलं मोजली जायला हवी होती. नसती उठाठेव. तुझ्या वर्गात मराठी मुलगी एकच आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

जुलैत तुझ्या शाळेचा गठ्ठा आला. नववी, मुलगी, मातृभाषा मराठी. मराठी लिही म्हटलं की तोंड वाकडं करणारी तू! मी आधी हसलेच. मग खाली वाचलं. अंगदुखीच्या गोळ्या, काही दुखत नसताना, आठवड्यातून तीनदा. कुठे मिळतात? शाळेतच. कोणाशी बोलावंसं वाटतं का? हो. त्या 'हो'खाली दोन रेघा.

कागद कोणाचा ते ओळखू आलं तरी बाहेर बोलायचं नाही, असा नियम आहे. मी तो पाळला, असं नोव्हेंबरपासून स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. नियम पाळला असता तर कागद मोजला असता. एका शाळेतून पाच 'हो' आले की तिथे समुपदेशक ताई पाठवतात. तुझ्या शाळेतून पाचच आले होते. मी तुझ्या कागदावर 'अपूर्ण' असा शिक्का मारला आणि तो बाजूला काढला. चारुलताची, म्हणजे माझी, भाची तिथे शिकते हे ऑफिसात सगळ्यांना माहीत. दादाचं नाव निघेल, लोक काय म्हणतील, एवढंच मनात. चार उरले. ताई आली नाही.

नोव्हेंबरात तू वर्गात कोसळलीस. दवाखान्यात सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडले, "अगं, कोणाला तरी सांगायचंस!" तू डोळे उघडून म्हणालीस, "सांगितलं होतं ना, आत्या. मराठी लिहिलं होतं, तुला कळावं म्हणून." आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, गुंगीत बोलतेय.

कागद दडवल्याची लाज वाटतेच, पण या वाक्याची जास्त वाटते.

परवा शुक्रवारी तो कागद बालाजीरावांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग म्हणाले, "आधी पोरीला लिहा, अक्का." मंगळवारपासून तुझ्या शाळेत ताई येणार आहे. मोजणीचं काम माझ्याकडून काढून घेतलं, आणि ते बरोबरच झालं.

आज संध्याकाळी दादाकडे जाते आहे. तो बोलणं टाकेल. टाकू दे. आईला पहिलं हेच सांगणार आहे की तू गुंगीत नव्हतीस.

सोबत कोरा कागद आणि माझ्या पत्त्याचं पाकीट घातलं आहे. नाव लिही, नको लिहूस, शिव्या लिही. शेवटच्या ओळीपर्यंत वाचीन.

जिला कळलं होतं, ती
तुझी आत्या