मुद्दाम केलेल्या चुका

५ जुलै, शनिवार

आज शिक्षकांची कार्यशाळा. सुट्टीच्या दिवशी. विषय : वर्गात आपण कसे बदलू? मी बदलायचंच कशाला, हा माझा पहिला प्रश्न. एकवीस वर्षं गणित शिकवतोय. एवढ्या वर्षांत गणित तरी कुठे बदललं?

प्रशिक्षक फार हसरे. जरा कोणाचे डोळे मिटले की सगळ्यांना उभं करून टाळ्या वाजवायला लावतात. मी त्यांचं नाव टाळीसाहेब ठेवलं. शेजारी आमच्याच शाळेच्या विज्ञानाच्या मॅडम. वय कमी, उत्साह जास्त. त्या सगळं लिहून घेत होत्या. मीही वही उघडून होतो. घरी येऊन पाहिलं तर वहीत दोन जहाजं, टाळीसाहेबांचं नाक आणि एकच वाक्य : "कधी मुद्दाम चूक करा, मुलांना ती शोधू द्या." चूक! आणि मी! असो.

शेवटी मात्र कान टवकारले. प्रत्येक शाळेतून एक 'मार्गदर्शक शिक्षक' निवडणार. आठवड्यातून एक दिवस बाकीच्या शाळांत जाऊन तिथल्या शिक्षकांना शिकवायचं. ऑगस्टमध्ये प्रत्यक्ष पाठ बघून ठरवणार. माझ्याबरोबर नोकरीला लागलेले सगळे कुठे ना कुठे मुख्याध्यापक झाले. एक तर माझ्यानंतर लागला होता. मी अजून सातवी ब. हे पद मला हवं. फार हवं. इथे लिहायला काय हरकत आहे?

संकल्प : १) रोजनिशी लिहून स्वतःच्या शिकवण्याचं चिंतन करायचं. टाळीसाहेब म्हणाले, कोणाला दाखवू नका, म्हणजे खरं लिहाल. मी तसाही खरंच लिहितो. २) वर्गात कमी बोलायचं. ३) ओरडायचं नाही.

७ जुलै, सोमवार

वर्गाला सांगितलं की आजपासून मी कमी बोलणार आहे. शिक्षकाने कमी का बोलावं, हे उदाहरणं देऊन नीट समजावलं. मागच्या बाकांना कळलं नसावं म्हणून पुन्हा समजावलं. तास संपला. सुरुवात उत्तम.

घसा जरा बसलाय.

८ जुलै, मंगळवार

नवं तंत्र : प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. उत्तर आपण द्यायचं नाही. विचारलं आणि थांबलो. वर्गही थांबला. खिडकीत एक चिमणी आली, आमच्याकडे बघून निघून गेली. पुढच्या बाकावरच्या एकाने हळूच विचारलं की सर, बरं वाटत नाहीये का, पाणी आणू का. शेवटी उत्तर मीच दिलं. मुलं अजून तयार नाहीत.

घरी हेच तंत्र बायकोवर. तिने विचारलं, विजेचं बिल भरलं का. मी थांबलो. तीही थांबली. पोस्टात काउंटरवर बसते ती, रांगेसमोर थांबायची सवय आहे. मी हरलो. बिल उद्या भरणार.

१० जुलै, गुरुवार

गटकार्य. बाकं गोल लावली. अर्धा तास लावण्यात, उरलेला पुन्हा सरळ करण्यात. मध्ये खालच्या मजल्यावरचे भाषेचे सर वर येऊन विचारून गेले की छत पडतंय का. मुलं खूश होती. गणित राहिलं, पण सहकार्याची भावना वाढली. दोन मुलांची बोटं चेमटली.

ओरडलो नाही. (एकदाच.)

१४ जुलै, सोमवार

आजचा दिवस जपून ठेवण्यासारखा!

फळ्यावर पंधरा वजा आठ बरोबर सहा लिहिलं गेलं. पुढच्या बाकावरची चष्मेवाली उभी राहिली. म्हणाली, सर, सात. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. आणि तेवढ्यात ते वहीतलं एकमेव वाक्य आठवलं! एकदम म्हणालो, शाब्बास! मुद्दाम केली होती, बघत होतो कोण जागं आहे.

वर्ग नुसता उसळला. पुढचा सगळा तास चाळीस डोकी फळ्याकडे अशी बघत होती की खडू हातात घ्यायला भीती वाटावी. एकवीस वर्षांत माझ्या फळ्याकडे इतकं टक लावून कोणी पाहिलं नव्हतं. मला नाचावंसं वाटलं. शिक्षकांच्या खोलीत कोणी नाही असं बघून थोडा नाचलोही.

१५ जुलै, मंगळवार

तीन चुका. तिन्ही सापडल्या. त्यातली मुद्दाम केलेली एक. पण परिणाम महत्त्वाचा, हेतू नाही. (हे वाक्य चांगलं झालंय. भाषणात वापरायचं.)

१८ जुलै, शुक्रवार

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, वर्गाच्या खिडकीशी बराच वेळ उभ्या होत्या. नंतर म्हणाल्या, या वर्गाला झालंय काय, सगळे जागे कसे? मी पद्धत समजावली. 'माझी पद्धत' म्हणालो. टाळीसाहेबांचा उल्लेख ओघात राहून गेला.

विज्ञानाच्या मॅडम शेवटच्या बाकावर येऊन बसल्या. तास संपल्यावर विचारलं, यातल्या मुद्दाम केलेल्या कोणत्या? म्हटलं, सगळ्याच. त्या नुसत्या बघत राहिल्या. थांबण्याचं तंत्र त्यांना चांगलं जमलंय. तेवढं एक मान्य करायला हवं.

२० जुलै, रविवार

आज भाजी मी केली. मीठ दोनदा पडलं. जेवताना म्हटलं, मुद्दाम टाकलंय, बघू कोणाला कळतं. बायको म्हणाली, तिच्या वडिलांनीही लग्न ठरवताना असंच काहीतरी मुद्दाम केलं असणार. विनोदबुद्धी चांगली आहे तिची. भाजी मीच संपवली.

२५ जुलै, शुक्रवार

मार्गदर्शक पदासाठी शाळेतून दोन नावं गेली : मी आणि विज्ञानाच्या मॅडम. पाठ १२ ऑगस्टला. इतर शाळांचे शिक्षकही बघायला येणार. हातच्या काकणाला आरसा कशाला? निकाल ठरलेलाच आहे. मॅडमबद्दल वाईट वाटतं.

संध्याकाळी भाषणाची तयारी म्हणून आरशासमोर उभा राहिलो. बायको म्हणाली, बाजारात तुरी. तिला म्हण पूर्ण करायचीही गरज वाटली नाही.

४ ऑगस्ट, सोमवार

गंभीर अडचण. मुद्दाम चूक करणं वाटतं तितकं सोपं नाही. एरवी कशा सहज होतात! ठरवून करायला गेलं की हात बरोबरच लिहितो. आज मोठ्या कष्टाने एका उदाहरणात एक चूक पेरली. उत्तर बरोबर आलं. मुलांनी चूक शोधली, सापडेना. मग मी शोधली, मलाही सापडेना. मध्ये कुठेतरी दुसरी झाली असावी, तिने पहिलीला खाऊन टाकलं. चष्मेवाली म्हणाली, सर, जाऊ दे, पुढचं घेऊ. समजूतदार मुलगी.

संकल्प : १२ तारखेसाठी तीन चुका निवडून घरी रोज सराव.

८ ऑगस्ट, शुक्रवार

सराव जोरात. बायकोसमोर पाठ घेतला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने सात चुका काढल्या. म्हटलं, तीनच होत्या. ती म्हणाली, मोजण्यात माझी चूक झाली असेल, आणि हसत सुटली. तिच्या पोस्टात हसायला बंदी असावी, सगळं घरी आणते.

११ ऑगस्ट, सोमवार

वर्गाला सांगितलं : उद्या पाहुणे येतील, डोळे उघडे ठेवा, मी चुका करणार आहे. शिवाय भावनेच्या भरात सांगून टाकलं की या पाठावर माझं बरंच काही अवलंबून आहे. नको होतं सांगायला.

मधल्या सुट्टीत सगळे चष्मेवालीभोवती गोळा होऊन कुजबुजत होते. मी जवळ गेलो तशी पांगापांग. उद्या मला खूश करायचा काहीतरी बेत दिसतो. खरं सांगतो, गहिवरून आलं. पोरं जीव लावतात.

शर्टाला इस्त्री केली. बाही जराशी जळली. कोट घालणार.

१२ ऑगस्ट, मंगळवार

विजय! दुसरा शब्द नाही.

मागे खुर्च्यांवर बारा-पंधरा पाहुणे, मध्ये टाळीसाहेब, शेजारी मोठ्या बाई. विषय क्षेत्रफळ. मुख्य उदाहरण मी मनापासून रंगवलं : खोली आठ मीटर लांब, सात मीटर रुंद, तर क्षेत्रफळ चोपन्न चौरस मीटर. हे उदाहरण पाठाचा कणा, म्हणून फळ्याच्या मधोमध मोठ्या अक्षरांत लिहिलं, लाल खडूने चौकट केली आणि सगळ्या वर्गाकडून तीनदा मोठ्याने म्हणून घेतलं. आवाज जरा खोल येत होता. पाहुण्यांसमोर मुलं बुजतात.

मग पेरलेल्या तीन चुका. एक! लगेच हात वर. दोन! लगेच. तीन! एवढे हात की पंखा लागेल असं वाटलं. मी प्रत्येक वेळी शाब्बास म्हणालो आणि पाहुण्यांकडे वळून किंचित झुकलो. शेवटी ऐटीत विचारलं, अजून काही राहिलंय का? सगळ्या वर्गाने एकसाथ माना खाली घातल्या. काहीच राहिलं नाही! एकही चूक निसटली नाही!

पाहुण्यांच्या चेहऱ्यावर वेगळंच हसू होतं. दोघांनी फळ्याचा फोटो मागितला. मी चौकटीशेजारी उभा राहिलो, बोट चौकटीवर ठेवून. टाळीसाहेबांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. टाळी वाजवायचंही विसरले!

मॅडमचा पाठ माझ्यानंतर झाला. त्यांनी बादलीत काहीतरी बुडवलं.

१३ ऑगस्ट, बुधवार

विज्ञानाच्या मॅडम फळ्याबद्दल काही सांगू बघत होत्या. म्हटलं, घाई नको, मार्गदर्शक झाल्यावर पहिला दिवस तुमच्यासाठीच राखून ठेवतो. त्या म्हणाल्या, बरं. चांगल्या आहेत स्वभावाने.

भाषण पूर्ण. पहिलं वाक्य : परिणाम महत्त्वाचा, हेतू नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

निकाल आला. मार्गदर्शक शिक्षक : विज्ञानाच्या मॅडम. माझंही नाव आहे, खाली. पायाभूत गणिताचा उजळणी वर्ग, दर शनिवारी. शिकवायला नाही. शिकायला.

मी हसतच मोठ्या बाईंकडे गेलो. म्हटलं, बाई, सापडली चूक! नावांची अदलाबदल झालीय. बाई हसल्या नाहीत. त्यांनी फोन काढून फळ्याचा तो फोटो दाखवला. आधी मला माझं हसणंच दिसलं. चांगलं आलं होतं. मग बाई हळू आवाजात म्हणाल्या, सर, साताचा पाढा म्हणा. म्हणालो. आठव्या ओळीपाशी थांबलो. छप्पन्न.

घरी सांगितलं. आज बायको हसली नाही. त्यामुळे जास्तच लागलं. मला ते पद खरंच हवं होतं.

पण मूळ मुद्दा वेगळाच आहे. माझ्याकडून झाली ती झाली. पण चुका शोधायला शिकवलेली चाळीस पोरं काय करत होती? आपलेच दात आणि आपलेच ओठ! उद्या वर्गाला जाब विचारणार. ओरडायचं नाही हा संकल्प उद्यापुरता स्थगित.

२० ऑगस्ट, बुधवार

विचारलं : आठ गुणिले सात चोपन्न, हे समोर दिसत असताना एकालाही कळलं नाही? वर्गाने माना खाली घातल्या. ओरडायचं राहूनच गेलं.

शेवटी चष्मेवाली उठली. म्हणाली, कळलं होतं सर, सगळ्यांनाच. पण ती मुद्दामची नव्हती ना. मुद्दामची असली की लिहिण्याआधी तुम्ही मागे वळून बघता आणि हसता. खरी असली की नाही हसत. आणि खऱ्या चुका पाहुण्यांसमोर सांगायच्या नाहीत, असं सगळ्यांनी आदल्या दिवशी ठरवलं होतं. तुमचं बरंच काही अवलंबून होतं म्हणून.

मी म्हणालो, मला हे सगळं माहीतच होतं. मी फळा पुसायला लागलो. तो पुसलेलाच होता.

मग चष्मेवालीने विचारलं की रोजच्या सगळ्याच चुका सांगत बसलं तर धडा पुढे सरकायचा नाही, म्हणून जुलैपासूनच्या काही तशाच राहिल्यात, त्या आता सांगू का, आता पाहुणे नाहीत.

खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, सांगा.

तास पुरला नाही.