वळणावर तुटलेला आवाज

अहो,

तुमची गाडी चालू झाली. हो, तीच. पडवीत गोणपाटाखाली इतकी वर्षं उभी असलेली, भंगारवाला येता-जाता जिच्याकडे आशेने बघायचा ती. गेल्या रविवारी चर्चमधून मिस्सा आटपून आल्यावर आपल्या अनिताने किक मारली आणि अख्ख्या आळीत निळा धूर झाला. शेजारचा बस्त्याव धावत बघायला आला. त्याला वाटलं, आपल्या घराला आग लागली.

एवढीच बातमी असती तर तुमच्या कबरीवर मेणबत्ती लावताना तोंडी सांगितली असती. नेहमी सांगते तशी. पण काल संध्याकाळी जे झालं, त्यानंतर मला स्वस्थ बसवेना. म्हणून आज डाळ चुलीवर ठेवून अनिताच्या वहीतलं पान फाडलं आणि लिहायला बसले. घरात आपण आपल्या बोलीत बोलायचो, पण हातात पेन आलं की मला शाळेतलीच मराठी सुचते. तुम्ही मास्तर. शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नका म्हणजे झालं.

मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा ती गाडी आधीपासून पडवीत होती. आपल्या गासहून चांदीपच्या शाळेत जायला आणि यायला, पावसापाण्यात तीच. नवी घ्या म्हटलं की तुम्ही म्हणायचात, हिला काय झालंय? हिला काय झालंय ते मी सांगायचे, कारण दर रविवारी दुपारी झोप सोडून रॉकेलची वाटी धरून कोण बसायचं? मीच ना?

कार्बोरेटर खाली उतरला की तुमचा आवाज बदलायचा. दहाचा पाना दे. बारीक स्क्रूड्रायव्हर दे. बॅटरी नीट धर, उजेड जेटवर पाड, माझ्या तोंडावर नको. खालची वाटी उघडायची, तळाचा कचरा पुसायचा, फ्लोट खाली-वर हलवून बघायचा, पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा जेट तोंडाने फुंकायचा. एकदा मी शहाणपणा करून त्यात तार घालायला गेले तर केवढे रागावलात! तारेने भोक मोठं होतं, मग गाडी नुसती पेट्रोल पीत बसते. म्हणून तुम्हाला टूथब्रशचा एक केस लागायचा. आणि तो कायम माझ्याच ब्रशचा. स्वतःच्या ब्रशचा कधी का नाही उपटलात?

पण तुमची एक सवय मला आवडायची. तुम्हाला कधी बोलले नाही, आज सांगते. तेल मिसळलेलं पेट्रोल कार्बोरेटरमध्ये पडून राहिलं की त्याचा चिकटा होतो, म्हणून तुम्ही घरी येताना वळणावरच्या क्रुसापाशीच टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करायचात. कार्बोरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर गाडी दारापर्यंत यायची. दाराशी आली की उगाच एकदा मोठ्याने ओरडायची, मग दोनदा खोकायची आणि गप्प व्हायची. ती खोकली की मी चहाचं आधण ठेवायचे. तुम्ही हातपाय धुऊन आत येईपर्यंत चहा तयार असायचा, आणि तुम्हाला वाटायचं, बायकोला कसं बरोबर कळतं.

मग माझ्या मामेबहिणीचं लग्न आलं. वसईला. मी नवी रेशमी साडी नेसले होते, केसांत अबोलीचा गजरा. अनिता सकाळीच मावशीबरोबर पुढे गेली होती, आपण दोघं मागून गाडीवर. अर्ध्या वाटेत गाडी बंद. तुम्ही प्लग काढला, पुसला, इंजिनाला टेकवून किक मारली. ठिणगी आली. म्हणजे पेट्रोल येत नाही, असं म्हणून रस्त्याच्या कडेला उकिडवे बसलात आणि कार्बोरेटर उघडलात! लग्नाच्या कपड्यांत! जेट फुंकून झाला, तरी किकवर घेईना. मग मला म्हणालात, फिलू, जरा मागून हात लाव.

जरा? केवढी लांब ढकलली मी ती! चर्चपाशी पोचलो तेव्हा लग्न लागून नवरा-नवरी बाहेर फोटोला उभी होती. माझ्या पदराला काळं तेल, गजरा मानेवर. सगळे पोट धरून हसले. तुम्हीसुद्धा हसलात, त्याचाच मला जास्त राग आला.

घरी आल्यावर मी तोंड सोडलं. एक वाक्य मला शब्दन्‌शब्द आठवतं.

“यापुढे ही गाडी रस्त्यात बंद पडली तर मला हाक मारायची नाही. एकट्याने ढकलायची.”

तुम्ही “बरं” म्हणालात. त्या आठवड्यात मी तुमच्याशी कामापुरतंच बोलले. जेवायला वाढलंय, पाणी तापलंय, एवढंच.

त्याच आठवड्यातली ती संध्याकाळ. मी भाकऱ्या थापत होते. अनिता सातवीत, समोर वही घेऊन बसलेली. वळणाच्या बाजूने गाडीचा आवाज आला आणि मध्येच तुटला. ओरडली नाही, खोकली नाही, दारापर्यंत आलीच नाही. एकदम गप्प.

मी ऐकलं, अहो. मी नीट ऐकलं. आणि माझ्या मनात पहिला शब्द काय आला ठाऊक आहे? बरं झालं. बरं झालं, आता ढकला एकटेच. लेक उठली होती, पप्पांची गाडी बंद पडली वाटतं, बघून येते म्हणाली. मी तिला दरडावून खाली बसवलं. अभ्यास कर, येतील ढकलत, म्हटलं. आणि पुढची भाकरी थापायला घेतली. तुम्ही घामाघूम होऊन दारात याल, मग मी काय टोमणा मारायचा, तोसुद्धा मी तव्यापाशी बसून ठरवून ठेवला होता.

त्यानंतर बस्त्याव ओरडत आला.

तुम्ही क्रुसाच्या पायरीवर बसला होतात, चौथऱ्याला पाठ टेकून. गाडी नीट स्टँडवर उभी, चावी खिशात. डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, कुणी काही करू शकलं नसतं. फादरही तेच म्हणाले, सगळे तेच म्हणाले. मी मान हलवत राहिले. पण त्यांच्यापैकी कुणाला कुठे ठाऊक होतं की मला आवाज ऐकू आला होता? मी सांगितलंच नाही. मास्तर रोजच्यासारखे येत असतील असं वाटलं, एवढंच मी बोलले. लोकांनी माझीच समजूत घातली. तुमच्या मरणाची सहानुभूती मी अशी फुकट घेतली.

एक विचारू? तुम्ही मला हाक मारली होतीत का? क्रुसापासून घर ते केवढं? तुमचा आवाज तर वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जायचा. मारली असतीत तर ऐकू आली असती. म्हणजे मारली नाहीत. का नाही मारलीत? मी नको म्हटलं होतं म्हणून? उभ्या जन्मात माझं कधी काही ऐकलं नाहीत, मीठ कमी खा म्हटलं ते नाही, छातीत दुखतं तर दाखवून या म्हटलं ते नाही. मग नेमकं तेवढंच का ऐकलंत?

हे सगळं मी गिळून ठेवलं होतं. गाडी बस्त्यावने ढकलत आणून पडवीत लावली, मी तिच्यावर गोणपाट टाकलं आणि पुन्हा हात लावला नाही. विकलीही नाही. विकायची कशी आणि ठेवायची कशी, दोन्ही कळत नव्हतं.

आता अनिता नोकरीला लागलीय. तिला स्कूटी घेऊन देते म्हटलं तर नको म्हणाली, पप्पांची गाडी चालू होते का बघूया आधी. तुमचीच मुलगी. हिला काय झालंय, म्हणे! दोन नवे टायर-ट्यूब आणले. टाकीला आतून गंज धरला होता, तर रॉकेल आणि मूठभर खडी घालून तिने ती इतकी खळखळवली की शेजारच्यांची कुत्री भुंकायला लागली. पॉइंटला पॉलिश पेपर मारला. मी लांबून बघत होते. मग प्लग इंजिनाला टेकवून तिने किक मारली, निळी ठिणगी आली, आणि माझ्या तोंडून आपोआप गेलं, पेट्रोल येत नाही, कार्बोरेटर खोल. ती माझ्याकडे बघतच राहिली. तिला काय माहीत, मी किती रविवार वाटी धरून काढलेत!

कार्बोरेटर काढला तो आम्ही दोघींनीच. वाटी उघडेचना, आत पेट्रोलचा नुसता डिंक झालेला. फ्लोट चिकटून बसलेला, जेट पार बुजलेला. मी म्हटलं, हे असं होऊच शकत नाही, तुझे पप्पा कधी कार्बोरेटरमध्ये पेट्रोल राहू देत नसत. अनिताने वाकून बघितलं. मग हळूच म्हणाली, “आई, कॉक उघडाच आहे.”

तुम्ही कॉक बंद केलाच नव्हता. क्रुसापाशी तुमचा हात तिकडे गेलाच नाही, गाडी बंद पडली नव्हती, तुम्हीच सरळ चावी फिरवलीत. म्हणजे तुम्हाला कळलं होतं की दारापर्यंत पोचायचं नाही.

अनिता जेट साफ करायची थांबली. ब्रशचा केस हातात तसाच. ब्रश माझाच, सांगायला नको. मग जे बोलली ते ऐकून मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

“मला आवाज ऐकू आला होता त्या दिवशी. मी उठले होते. मी गेले असते तर पप्पा वाचले असते.”

अहो, इतकी वर्षं माझ्या लेकरानेही हेच गिळून ठेवलं होतं! मला वाटायचं, तिला आठवतच नसेल. मी माझ्या अपराधाचं गाठोडं उराशी धरून बसले आणि तिच्या डोक्यावरही तेच आहे हे बघितलं नाही. मी तिला बसवलं होतं हे ती विसरून गेली होती. आपण उठलो आणि गेलो नाही, एवढंच तिच्या लक्षात राहिलं. मी तोंड उघडलं असतं तर ती एवढी वर्षं सुखाने झोपली असती. तुमच्या बाबतीत मी जे केलं त्याला भाकरी थापायला लागतो तेवढाच वेळ लागला. हिच्या बाबतीत मात्र मी रोज गप्प राहत गेले.

मग मी तिला सगळं सांगितलं. लग्नातली फजिती, मी बोललेलं वाक्य, मनात आलेलं ते ‘बरं झालं’, आणि तिला दरडावून बसवलं तेही. म्हटलं, तू निघालीच होतीस, तुला अडवलं ते मी. तुझा काही दोष नाही, पोरी. जो आहे तो माझा आहे.

ती रडली. मीही रडले. मला वाटलं, आता ही माझं तोंड बघणार नाही. तिने नाक पुसलं, जेट उजेडाकडे धरून आरपार बघितला आणि म्हणाली, बॅटरी धर ना, नीट दिसत नाहीये. मी धरली. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही, आणि मी विचारलंही नाही.

त्यानंतर काही दिवसांनी ती गाडी चालू झाली. आता अनिता रोज घेऊन जाते. वळणावर कॉक बंद करते, दाराशी गाडी ओरडते, खोकते, गप्प होते. पहिल्या दिवशी मी आधण ठेवायला गेले आणि भरलेलं पातेलं हातातून पडलं.

आणि मग काल. मी सुपात तांदूळ निवडत होते. वळणाच्या बाजूने आवाज आला आणि मध्येच तुटला. ओरडणं नाही, खोकणं नाही.

सूप कुठे पडलं मला ठाऊक नाही. चप्पल घातली नाही. या वयात, या गुडघ्यांनी मी पळाले, अहो. बस्त्याव मागून काय झालं, काय झालं करत होता. क्रुसापाशी पोचले तर अनिता गाडी एका बाजूला कलती करून टाकी हलवत उभी. पेट्रोल संपलेलं. रिझर्व्हसुद्धा. माझा अवतार बघून तिला काय ते कळलं. म्हणाली, आई, आता ओरडू नकोस.

मी ओरडले नाही. तिला सांगितलं, तू हँडल धर. आणि मी मागून हात लावला. दोघींनी ढकलत घरी आणली. वाटेत दोनदा थांबावं लागलं मला. फार जड आहे हो ती. तुम्ही एकटे कशी ढकलणार होतात?

तर आता हे वचन देते. यापुढे त्या वळणावर कुणाचीही गाडी अशी मध्येच थांबली, ओळखीच्याची असो की परक्याची, तरी मी उठेन. हाताला पीठ असलं तरी, त्याच्याशी भांडण झालेलं असलं तरी. कुणी हाक मारायची वाट बघणार नाही.

आणि पोरीपासून काही लपवणार नाही.

तुमची,
फिलू