सोनाबाईचं पथ्य

सोम. ६ नोव्हें. १९४४, लोणावळे
काटा आला. तांदळाच्या वखारीतला, लोखंडी पाटाचा. डॉ.नी मागून आणला. आता दवाखान्यातला एकूण एक रोगी दर सोमवारी तोलायचा. जो कमी भरेल त्याला जादा खुराक : अर्धा शेर दूध, एक अंडं, शेंगदाणा-गुळाचा लाडू. डॉ.चं म्हणणं, आपल्याकडे कितीतरी रोगी रोगाने खंगत नाहीत, पोटात काही नसल्यामुळे खंगतात, आणि तेही आपल्या खाटेवर, आपल्या डोळ्यांदेखत. मी म्हटलं, माझ्या वॉर्डात कुणी उपाशी नाही. तर म्हणे, "यमुनाबाई, ते पत्रक सांगेल."
राग आला. अकरा वर्षं झाली मला इथे. यांना आठ महिने.
उभं राहवत नाही त्यांना खुर्चीत बसवायचं, खुर्चीचे चौदा पौंड वजा करायचे. खाट ४, सोनाबाई, तिकोणा पेठ : ७६ पौंड. बावीस-तेवीस वर्षांची बाई. दोनदा तोललं. पत्रकात पहिलं नाव तिचं.

गुरु. ९
सोनाबाईची नडगीची जखम. भात कापताना विळा लागला, गावात पाला बांधला, दिवाळीनंतर इथे आली तेव्हा आतलं हाड दिसत होतं. रोज धुते, रोज बांधते, आहे तशीच. सासू ठकूबाई खाटेखालीच मुक्काम ठोकून आहे. मागच्या पडवीत चूल मांडते.
डॉ.नी सोनाबाईच्या कार्डावर लिहिलं : "खास पथ्य". मी ठकूबाईला नीट बजावलं. "मावशी, सूनबाईला आजपासून पथ्य आहे. काटेकोर पाळायचं. मोडलंत तर पाय जाईल." तिने कानाला हात लावला. "न्हाई मोडनार, बाई. पोटच्या पोरीचं करीन तसं करीन." चांगली आहे म्हातारी. बाकीच्यांना दहादा सांगावं लागतं.

सोम. १३
सोनाबाई ७८. दोन पौंड वर! डॉ. खूश, पत्रक हातात घेऊन खोलीभर फिरले. शेजारच्या खाटेवरची फातमाबी (कार्ल्याची, हिवताप उतरलाय) तीन पौंड वर, तिला तर खुराकही नाही. डॉ. म्हणाले, हवा मानवली.
पत्रकात "खाल्लं?" असा एक रकाना आहे. रोज विचारते, "सोनाबाई, जेवलीस का?" "व्हय, जेवले." लिहिते, होय. होय होय होय, सगळा रकाना भरलाय. अक्षर मात्र छान आलंय, ते मान्य करायला हवं.

शुक्र. १७
जखम पांढरट, वास येतो. सोनाबाई दिवसभर डोळे मिटून. हाक मारली तर उघडते, परत मिटते. ठकूबाई म्हणते, "अंगावर आलीया बगा. तोंड कसं भरलंय." भरलंय खरं. दंडातली चांदीची वाकी मात्र सारखी कोपरावर येते. ठकूबाईने आतून चिंधी गुंडाळून ती घट्ट बसवलीय.

सोम. २०
८१.
डॉ.नी जखम पुन्हा पाहिली. मग : "पाच पौंड वाढून जखम भरत नाही, म्हणजे दोष हाडात आहे. वाट बघण्यात अर्थ नाही." पुण्याच्या सर्जनसाहेबांना पत्र गेलं. येत्या सोमवारी येतील. गुडघ्याखाली काढायचा. खुराकाबद्दलही डॉ. म्हणाले, उपयोग नाही असंच लिहावं लागेल, उगाच दूध नासलं.
ठकूबाईला मीच सांगितलं. ती म्हणाली, "एका पायावर लावनीला कशी उभी ऱ्हाईल वो ती?"  सोनाबाईने डोळे उघडले. "आत्याबाई, मला घरी न्या." एवढंच. त्या चार शब्दांनी जीव गलबलला. आणि तरी मी अंगठा घेण्यासाठी संमतीचा कागद पुढे केला. ठकूबाईने हात पदराखाली घेतला.

मंगळ. २१

सकाळी सोनाबाईला पुसून घेत होते. चिंधी सोडली तर वाकी दंडावरून घसरली ती कोपर ओलांडून थेट बादलीत. शिवणाची फीत आणून दंड मोजला. साडेसहा इंच. माझं मनगट तेवढं असेल. मग तोंड भरलेलं कशाने? धडधाकट पायाच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला. काढला अंगठा, तरी खळगा तसाच. पाणी! पाचही पौंड पाणी होतं.
पहिल्यांदाच वेगळं विचारलं. "काल दिवसभरात काय काय खाल्लंस, एकेक सांग."
"पेज."
"आणि?"
"सांच्याला पेज."
"दूध? अंडं?"
तिने सासूकडे पाहिलं. ठकूबाई म्हणाली, "पथ्याला दूद कसं चालंल, बाई? पू धरतो. अंडं उष्ण. दाना वातूळ. मी तर मीठ बी सोडलंय तिचं. तुमीच म्हनलात ना, काटेकोर."
मग दूध जायचं कुठे? फातमाबीने तोंडावर पदर ओढला. "मला द्यायच्या. टाकून द्यायचं म्हंजी पाप. म्या काय, प्याले." आणि हुंदके द्यायला लागली.
आणि "जेवलीस का?" याला कोण नाही म्हणतं? मी तरी कधी म्हटलंय? चुलीत लाकूड नसलं तरी माणूस 'जेवण झालं' म्हणतो. ते मी रोज सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं.
पथ्य म्हणजे काय सोडायचं. माझ्या आईच्या घरीही हाच अर्थ. मला ठाऊक होतं. कार्डावर शब्द होता, डॉ.ना त्यातून जादा खुराक म्हणायचा होता; मी तो नुसता वाचून दाखवला आणि वर पाय जाण्याची धमकी दिली. म्हातारीने सुनेला उपाशी ठेवलं ते माझं ऐकून, अगदी प्रामाणिकपणे.
डॉ.ना सांगायचं धैर्य झालं नाही. त्यांच्या दारापर्यंत दोनदा गेले.

बुध. २२
सांगितलं. उभ्यानेच. ते म्हणाले, "कार्डावर शब्द माझा होता." मी म्हटलं, "सांगितला मी." 
पुण्याला तार केली. एक आठवडा मिळाला, सोम. ४ डिसें. त्याच्या पुढे जखमेचं विष अंगात भिनण्याची भीती, डॉ. स्वतःच थांबणार नाहीत. पत्रक फाडून नवं करू का विचारलं. "फाडू नका. खोडू पण नका. खाली खरं लिहा." लिहिलं : खाट ४ चे वरील सर्व होय चुकीचे. य.
खाणं एकदम वाढवायचं नाही, पोट सोसणार नाही. थोडं थोडं, पुष्कळदा. पण ठकूबाई दूध लावू देईना. "परवा पथ्य, आज खा. तुमचं कंचं खरं धरू?" बरोबर आहे तिचं. मी हात टेकले.
दुपारी सुचलं. औषधाच्या रिकाम्या बाटल्या उकळल्या. दुधात अंडं फेटून भरलं, औषधाला लावतो तशी कातरलेल्या कागदाची पट्टी डकवली, आठ खुणा. "मावशी, एक खूण, दर दोन तासांनी. हे औषध आहे." तिने बाटली उजेडात धरली. "औषद व्हय? मग तसं सांगायचं की." खोटं बोलले का मी? नाही वाटत.

शनि. २५
काल जुलाब. ठकूबाई माझ्याकडे बघेना. बाटली पाणी घालून पातळ केली, अर्ध्या खुणेवर आले. आज जुलाब थांबले. चार वाजता सोनाबाई आपणहून म्हणाली, "बाई, खूण चुकली माजी." बाहेर जाऊन डोळे पुसून आले.

सोम. २७
७७. डॉ.चा चेहरा पडला. मीच त्यांचा अंगठा नडगीवर ठेवला. खळगा उथळ. भांडं देता देता मी पुरी पडत नाही, एवढं पाणी जातंय. जखमेत काहीच फरक नाही.
फातमाबी घरी गेली. जाताना सोनाबाईच्या उशाला चार अंडी ठेवून गेली, कार्ल्याहून नवऱ्याकडून मागवलेली.

शुक्र. १ डिसें.
मध्येच तोललं, राहवेना. ७३. आता हे पाणी की मांस? डॉ.ना विचारलं. "मलाही ठाऊक नाही, यमुनाबाई." अकरा वर्षांत एकाही डॉक्टरच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. यांच्यावर उगीच चिडत होते मी.
पट्टी सोडली. खालच्या कडेला नव्या मांसाचे लाल दाणे, डाळिंबाच्या दाण्यांसारखे. चिमूटभर. वरच्या कोपऱ्यात हाड अजून उघडं, करडं.
ठकूबाईला दाखवले. तिने वाकून पाहिलं. चुलीकडे गेली. पेजेत आज मीठ होतं आणि तूरडाळ.

सोम. ४ डिसें.
७२. दंड पुन्हा मोजला. साडेसहा इंच आणि वर दोऱ्याच्या जाडीएवढं, की फीत मी सैल धरली?
सर्जनसाहेब साडेदहाच्या गाडीने. पत्रक बघणारा कोणीही म्हणेल, ८१ वरून ७२, बाई बुडत चाललीय. डॉ. म्हणाले, "तुम्हीच समजावा त्यांना, पत्रक तुमचं आहे." म्हणजे परक्या माणसासमोर माझी चूक पहिल्यापासून वाचायची. वाचेन. पण लाल दाणे वाढलेत ते तेवढेसेच, आणि वरचं हाड तसंच. त्यांना पटलं नाही तर? हुकमाप्रमाणे हत्यारं उकळून ठेवलीत. करवतही. झाकण घालून ठेवली, वॉर्डातून दिसू नये म्हणून.
सोनाबाई उशाला टेकून बसलीय. वाकी चिंधीशिवाय घातलीय, हात हलवला नाही तर राहते. म्हणून तिने हात हलवायचा बंद केलाय. पायाबद्दल विचारत नाही. बाटलीकडे बघते, पुढच्या खुणेला किती वेळ आहे म्हणून.
इथेच तिच्या खाटेशी स्टुलावर बसून लिहितेय. ठकूबाई आत्ता चुलीकडून आली. "जेवला का, बाई?"
"हो, जेवले."
ती हलली नाही. "काय काय खाल्लं? एकेक सांगा."
सांगता येईना. कालपासून चहावर आहे. तिने गरम भाकरी माझ्या हातात ठेवली आणि समोर उभी राहिली, खाईपर्यंत. सोनाबाई हसली. हिला हसताना मी पाहिलंच नव्हतं.
अर्धी खाल्ली. बाहेर टांगा थांबला. पत्रक घेऊन उठते.