सहा फूट चार इंच आणि जावई

अमरावती,
ता. २८ डिसेंबर १९६१

तीर्थस्वरूप देवरावभाऊजी यांना शालिकरामचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? रविवारी शेवटच्या मिनिटाला तुम्ही पडलात तेव्हा मी तुमच्यापासून चार हात लांब होतो. (हे पंचांकडून कागदावर लिहून घेतले आहे. हवे असल्यास पाठवतो.) सुभद्राताईचा खोकला गेला असेल. इकडे मी ठीक आहे. वसतिगृहाच्या खाटेला पायाकडून एक बाक जोडून मिळाला आहे, त्यामुळे झोप पुरी होते.

रविवारच्या सामन्याबद्दल तुम्हाला आश्चर्य वाटले असेल. तुमच्या कचेरीतही चर्चा झाली असेल. म्हणून सविस्तर लिहितो.

माझी उंची सहा फूट चार इंच आहे. अमरावतीच्या कॉलेजात येईपर्यंत तिचा उपयोग लग्नात मांडवाला दोऱ्या बांधण्यापुरता होता. इथे आमचे खेळाचे शिक्षक वामनराव यांनी मला पहिल्याच दिवशी बास्केटबॉलच्या रिंगखाली नेऊन उभे केले आणि हात वर कर म्हणाले. तीन वर्षे मी तेच करतो आहे. आता बी.ए.चे शेवटचे वर्ष. रेल्वेच्या संघाला उंच सेंटर हवा आहे, निवड झाली तर नोकरी कायम, असे वामनरावांनी कळवले तेव्हा मी बाबांना पत्र टाकले. बाबांनी उलट विचारले, की पगार तिकिटे तपासायचा मिळेल की चेंडू टाकायचा. चेंडू टाकायचा, असे मी लिहिले. त्यावर ते स्वतः बाळापूरहून अमरावतीला आले, मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाले, "उंच तं ज्वारीचा धांडाबी असते. त्याले ढोरं खातात." (तरी जाताना त्यांनी रेल्वेच्या साहेबांचे नाव दोनदा विचारून घेतले.) थोडक्यात, साहेब अकोल्याला सामना पाहायला येणार, त्यांना मी पसंत पडलो तर रेल्वे, नाही तर बाबांबरोबर शेत, असे ठरले. समोरचा संघ कोणता, हे तेव्हा कोणी विचारले नाही.

आता दिवाळसणाची गोष्ट काढावी लागते. तुम्ही पाटावर बसला होता आणि मी तुमच्यावरून वाकून खुंटीचा कंदील काढायला गेलो. माझ्या कोपराने तुमची टोपी उडाली आणि कढीच्या पातेल्यात पडली. तुम्ही पाटावरून उठलात. दुपारच्या मोटारीने अकोल्याला गेलात. ताई मागे राहिली आणि तिला न्यायला पंधरा दिवस कोणी आले नाही. त्या पंधरा दिवसांत आईने मला मारुतीसमोर उभे करून सांगितले, "पुन्हा जवायाच्या अंगाले तुहा हात लागला तं मले माय म्हनू नको." डोक्यावरूनही हात न्यायचा नाही, असे तिने घरी आल्यावर वाढवले.

रविवारी मैदानावर आलो तर तुम्ही समोर. तुम्ही जुन्या शहराच्या क्लबाकडून खेळता हे मला ताईच्या लग्नात कळले होते, पण मी ते पाहुण्यांच्या बोलण्यातले समजलो होतो. (क्षमा असावी.) आई-बाबा सकाळच्या मोटारीने डबा घेऊन आले होते. आई नेमकी आमच्या रिंगखाली, चुन्याच्या रेघेबाहेर बसली. तिने हा खेळ पूर्वी पाहिला नव्हता, पण तुम्ही चेंडू घेऊन निघालात की काय करायचे हे तिला ठाऊक होते. वामनराव एका बाजूने अडव म्हणत होते. दुसऱ्या बाजूने आई शांतपणे म्हणत होती, "शालिक, सरक. जवाई येऊन राह्यले. मधात काहून उभा हायेस?"

मी सरकत होतो. दुसऱ्या टोकाला आमची पाळी आली की तुम्ही माझ्या आणि रिंगच्या मध्ये उभे राहत होता, आणि तुमच्या डोक्यावरून हात नेल्याशिवाय मला चेंडू टाकता येत नव्हता. मी तो दुसऱ्याकडे देत होतो. मी एकूण चार गुण केले, ते तुम्ही बुटाची नाडी बांधत असताना. एकदा तुम्ही मला धक्का दिलात. पंचांनी तुमच्यावर फाउल दिला आणि मी तुमची माफी मागितली. तुमचे अठ्ठावीस गुण झाले.

सामना संपल्यावर साहेबांनी मला बोलावून विचारले, "इतना ऊँचा आदमी, उस छोटे को रास्ता क्यों देता है?" मी म्हणालो, बहनोई हैं. साहेबांनी हॅट काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, "मेरे भी तीन हैं. पर टीम में नहीं." मग त्यांनी डायरी उघडली. संक्रांतीनंतरच्या रविवारी ते पुन्हा अकोल्याला येणार आहेत. पुन्हा हेच दोन संघ. त्या दिवशी मी तुम्हाला अडवले तर रेल्वेत घेतील. नाही तर भुसावळला त्यांनी दुसरा एक उंच माणूस पाहून ठेवला आहे. (तो अविवाहित बहिणींचा भाऊ आहे, असे ऐकतो.)

झाले ते असे. तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. ताईला व घरच्या वडील मंडळींना नमस्कार.

आपला,
शालिकराम

ता.क. : एक कार्ड आईच्या नावाने टाकावे. त्यात एवढेच लिहावे, की पुढच्या सामन्यात शालिकरामने मला अडवले, माझ्या डोक्यावरून हात नेला, धक्का लागून मी पडलो, तरी मी रुसणार नाही आणि ताईला संक्रांतीला माहेरी धाडीन. आईला वाचता येत नाही. गुरुजी वाचून दाखवतील, म्हणजे गावाचीही साक्ष होईल.

आणखी एक : हे आधी लिहायला हवे होते, पण मग तुम्ही पुढचे वाचले नसते. साहेबांनी मला बोलावण्याआधी तुमच्याकडे बोट दाखवून वामनरावांना विचारले होते, की अठ्ठावीस गुणांचा तो छोटा कोण, रेल्वेत येईल का. आई डबा बांधत तिथेच बसली होती. वामनरावांनी तोंड उघडण्याआधी ती म्हणाली, "ते आमचे जवाई हायेत. त्याहिले सरकारी कचेरी हाये, खुर्ची हाये. ते कायले तुमच्या रेल्वेत येतील?" ती माझी आई हे साहेबांना ठाऊक नव्हते. त्यांनी डायरीत तुमच्याबद्दल लिहिलेले खोडले. आईला नंतर विचारले तर म्हणते, मी जवायाचा मानच सांगितला. तेव्हा त्या दिवशी तुम्हाला कोणीच अडवले नाही, असे मात्र नाही.