खोडण्याआधी वाचायचं होतं

अहो,

तुम्ही गेलात तेव्हा तेराव्यालाच ठरवलं होतं, यांच्याशी मनातसुद्धा बोलायचं नाही. एवढा राग आहे! पण आज वाचनालयातून फोन आला, "काकू, काकांच्या नावावर एक कादंबरी राहिलीय हो." म्हणून लिहायला बसले.

तुमच्या त्या कादंबऱ्या! अस्तित्ववादी म्हणे. नायक उठतो, कशालाच अर्थ नाही म्हणतो आणि पुन्हा झोपतो. उरणच्या बंदरातली नोकरी करून दमलेल्या माणसाने असलं वाचावं कशाला? विचारलं तर म्हणायचात, "एवढा नाही नाही म्हणतो ना, कुठेतरी नकळत सुखी होतोच. तेवढं शोधतोय." आणि सापडलं की समासात पेन्सिलीने खूण, शेजारी बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं.

खुणा तुम्ही करायच्या आणि खोडायच्या मी! पुस्तकात रेघ दिसली की वाचनालयातल्या बाई सगळ्यांसमोर बोलायच्या, आणि पुस्तक बदलायला जायचे मीच. मग काय, खोडरबर घेऊन भराभर घासत सुटायचे. बारा वर्षं! एक अक्षर वाचलं नाही.

एकदा विचारलं होतं, "पुस्तकातल्या त्या रडव्याचं सुख शोधता, तुम्ही आहात का सुखी माझ्याबरोबर?" तुम्ही चष्मा पुसलात आणि म्हणालात, "चहा टाकतेस?" अस्सा राग आला! मुद्दाम बिनसाखरेचा दिला. तोही प्यायलात, मुकाट.

आज खोडायला हे पुस्तक उघडलं. नायक म्हणतो, माझी कुणी वाट बघत नाही. शेजारी तुमचं अक्षर: "याचं याला ठाऊक. कंटेनरच्या गर्दीत माझी बस अडकली की शोभा गॅलरीत उभी असते. मी कोपऱ्यावर थांबून दोन मिनिटं बघून घेतो."

अहो, हे तोंडाने सांगायला काय झालं होतं? मी वर जीव मुठीत धरून उभी, आणि तुम्ही कोपऱ्यावर!

आणि असं किती खोडलं असेल मी? मी वाचून मगच खोडते असं समजत होतात का हो? तुम्ही उत्तर देत राहिलात आणि मी रबराचा चुरा फुंकत बसले.

पेन्सिल मात्र तुम्ही टोक मोडेपर्यंत दाबायचात. कागदावर वळ राहिले असतील. तुम्ही वाचलेलं एकेक पुस्तक आता माझ्या नावावर आणीन, खिडकीशी तिरकं धरून वाचीन. आणि हे शेवटचं न खोडताच परत करीन. बाईंना काय बोलायचं ते बोलू देत सगळ्यांसमोर.

अजून चिडलेली,
तुमची शोभा